तीस जून की एक जुलै

२० जून, सोमवार
रक्तदाब १५२/९४

डॉक्टरांनी ही वही रोजचा रक्तदाब टिपायला दिली आहे. आकडा लिहा, हवं तर खाली काय खाल्लं, किती चाललात तेही लिहा, म्हणाले. खाल्लं ते सांगण्यासारखं नाही आणि चालले ते पेढीच्या मागच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत. पण आज आकडा का चढला ते मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा तेच लिहिते.

डीड्राने आज डोक्यावरचा रुमाल काढला.

तीन महिने ती रुमाल बांधून कामावर येत होती. टाळूला औषध लावलंय म्हणाली होती. मी जास्त विचारलं नाही. टाळूच्या दुखण्याबद्दल मी कुणालाच फार विचारत नाही. आज रुमाल गेला आणि खाली बोटाएवढ्या जटा, साठ-सत्तर तरी. मी दारातच थबकले.

"हे काय?"

"केस आहेत, मिस व्हर्लीन."

"ते दिसतंय मला. भिंतीवर काय लिहिलंय ते तुला दिसतंय का?"

भिंतीवर वडिलांची पाटी आहे. १९५१ मध्ये त्यांनी ही शंपर्ट अंत्यविधीची पेढी काढली तेव्हा स्वतःच्या हाताने रंगवलेली. पुरुषांचे केस कानाच्या वर. बायकांचे सरळ, मागे बांधलेले. वेण्या नाहीत, जटा नाहीत. वडील म्हणायचे, मेलेल्याला न्यायला जो येतो तो कुणाच्या डोळ्यात खुपता कामा नये. त्या काळी गोऱ्यांच्या कचेरीतून एक कागद सही होऊन यायचा तर आधी आम्हा काळ्यांचे बूट बघायचे, मग केस, मग मेलेल्याचं नाव.

"केस सरळ करायच्या औषधाने टाळूवर फोड आले होते," डीड्रा म्हणाली. "मागचे केस गळायला लागले. मी आता ते लावणार नाही."

"मग विग घाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नव्हे, जरा वर. मग म्हणाली, "नको."

चौदा वर्षांपूर्वी ही पोर माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मेलेल्या माणसाच्या हाताला हात लावताना डोळे मिटून घ्यायची. मी शिकवलं तिला सगळं. आज तिच्यासारखे केस या जिल्ह्यात कुणी करत नाही. घरचे लोक शवपेटीत बघतात आणि म्हणतात, हीच आमची आई. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

२१ जून, मंगळवार
१५०/९२

शववाहिका धुता धुता क्लिओफस म्हणाला, "बॉस, एक तारखेपासून कायदा येतोय म्हणे. वेण्या, जटा, पीळ, काही असो. मालकाने नाक मुरडायचं नाही."

क्लिओफस बहात्तर वर्षांचा आहे, वडिलांच्या काळापासून आमची गाडी चालवतो आणि ऐकलेल्यातलं निम्मं चुकीचं सांगतो. म्हणून वकिलाला फोन लावला. यावेळी त्याचं शंभर टक्के खरं होतं. एक जुलैपासून आमच्या राज्यात केसांच्या अशा ठेवणीवरून कुणाला कामावरून काढता येणार नाही.

"तो गोऱ्या कंपन्यांसाठी असेल," मी म्हणाले. "आमच्या पोरींना केस बघून दारातून परत पाठवतात त्यांच्यासाठी. आमच्या पेढीत सगळे आमचेच."

"कायद्यात मालकाचा रंग लिहिलेला नाही, मिस शंपर्ट," वकील म्हणाला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि मध्ये सरकार. वकिलाने शेवटी एक कामाची गोष्ट सांगितली. एक तारखेच्या आधी जे होईल त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे माझ्याकडे नऊ दिवस आहेत.

२४ जून, शुक्रवार
१४६/९०

ग्रिग्जबी बाईंचा फोन आला. बाईंनी मला सातवीत शिकवलं. पुढे त्या त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, आता एकोणऐंशीच्या आहेत. चर्चमध्ये पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बसतात. निवृत्तीनंतर टोपीशिवाय त्यांना पाहिलेला माणूस या गावात नसेल.

"व्हर्लीन, त्या डीड्राच्या केसांवरून काय चाललंय तुझ्याकडे?"

गावात बातमीला पाय असतात. मी म्हणाले, "बाई, तुम्ही काळजी करू नका. मी बंदोबस्त करतेय."

बाईंनी विषयच बदलला.

"त्र्याहत्तर साली मी तुला घरी पाठवलं होतं," बाई म्हणाल्या. "आठवतं?"

आठवतं तर. बारा वर्षांची होते. मावशीने आदल्या रविवारी डोक्याला चिकटून बारीक वेण्या घातल्या होत्या, चार तास बसवून. मी त्या मिरवत शाळेत गेले. बाईंनी वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, रानातून आल्यासारखी माझ्या वर्गात बसायचं नाही. चार मैल चालत घरी गेले. आईने त्याच संध्याकाळी वेण्या सोडल्या आणि चुलीवर कंगवा तापवून केस सरळ केले. कानाच्या पाळीवर अजून डाग आहे. पण त्या दिवसापासून मला कुणी बोट दाखवलेलं नाही.

"उपकार झाले बाई तुमचे," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

मग म्हणाल्या, "ये एकदा घरी. बोलायचंय. गुरुवार सोडून कधीही ये."

बहुतेक डीड्राला कसं हाताळायचं ते सांगायचं असेल. त्यांच्याइतकी शिस्त मला जमत नाही हे त्यांना माहीत आहे. पुढच्या आठवड्यात जाईन.

२८ जून, मंगळवार
१५८/९६

उकाडा असा की पेटीवरची फुलं दुपारपर्यंत माना टाकतात. डीड्राला बसवून सांगितलं. एक तर केस कापून सरळ कर, नाहीतर विग. गुरुवारपर्यंत मुदत.

"आणि नाही केलं तर?"

"तर मला पत्र द्यावं लागेल."

"चौदा वर्षं मी इथल्या प्रत्येक बाईला तिच्यासारखी दिसू दिलं," ती म्हणाली. "मला मात्र माझ्यासारखं दिसता येत नाही."

"मेलेल्यांना नोकरी करायची नसते."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलल्यावर मलाच कसंसं झालं, पण शब्द परत घेतला असता तर ती डोक्यावर बसली असती.

बाईंकडे जायचं राहिलं.

३० जून, गुरुवार
१६२/९८

सकाळी पत्र टाईप केलं, वर आजची तारीख घातली, सही केली, पाकिटात घातलं. आज दोन अंत्यविधी होते. दुसऱ्याची मंडळी कबरस्तानातून परतली तेव्हा पावणेतीन झाले होते. डीड्रा नव्हती. क्लिओफस म्हणाला, "तिचा गुरुवार ना आज. अडीचला गेली."

एक गुरुवार सोडून अडीचला ती जाते, हे चालूच आहे किती वर्षं. कुठे जाते ते सांगत नाही आणि वेळ भरून काढते, म्हणून मी कधी अडवलं नाही. आज अडवायला हवं होतं. फोन केला, उचलला नाही. पाचपर्यंत वाट बघितली. पाकीट माझ्याच पर्समध्ये राहिलं.

१ जुलै, शुक्रवार
१६६/१००

दिलं.

सकाळी आठ वाजता, मागच्या खोलीत, ती हातमोजे घालत असताना. पाकीट उघडून तिने वाचलं आणि पहिली गोष्ट म्हणाली ती ही, "यावर कालची तारीख आहे."

"काल लिहिलं म्हणून कालची आहे."

"दिलं आज."

"काल तू जागेवर नव्हतीस."

ती हसली. वाईट हसू नव्हतं ते, दमलेलं होतं. हातमोजे काढून तिने घडी करून ठेवले. तिची कात्री, कंगवे आणि ती लहान हिरवी बाटली, पुदिन्याच्या तेलाची, एवढं पिशवीत भरलं. जाताना दारात म्हणाली, "मिस व्हर्लीन, उकाड्यात ते काढून बसत जा. मी कुणाला सांगणार नाही."

मी म्हणाले, "काय काढून?" पण ती गेली होती.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझी आहे. तीस वर्षं दर सहा आठवड्यांनी मी ते केस सरळ करायचं औषध लावलं. आग व्हायची, मी दात दाबून बसायची. पन्नाशीत कपाळापासून टाळूपर्यंत केस गेले ते गेलेच. तिथे आता तव्यासारखी गुळगुळीत कातडी आहे. नवऱ्याने शेवटची सात वर्षं मला अंधारातच पाहिलं. तो गेला तेव्हाही मी विग घालूनच त्याच्याजवळ बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. डीड्राला कळलं असेल? कसं कळेल?

पेढी दिवसभर शांत होती. मला बरं वाटायला हवं होतं.

५ जुलै, मंगळवार
१७०/१००

ग्रिग्जबी बाई गेल्या. झोपेत, आज पहाटे. शेजारणीने फोन केला. मी गेले नाही म्हणजे नाहीच. गुरुवार सोडून कधीही ये म्हणाल्या होत्या, आणि मला अकरा दिवसांत एक दिवस सापडला नाही.

त्यांना मीच तयार करणार. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

७ जुलै, गुरुवार
१६४/९८

बाईंचा भाचा लेमार शिकागोहून आला. सरळ माणूस आहे, दहा वर्षांत आत्याला दोनदा भेटलेला. त्याने फोटो दिला. चोवीस वर्षांपूर्वीचा, निवृत्तीच्या दिवशीचा, मानेपर्यंत सरळ काळेभोर केस. "अशाच दिसू देत," म्हणाला. अंत्यविधीच्या पत्रिकेवरही हाच फोटो छापलाय. बाईंच्या कपाटातला विगही त्याने आणला, अगदी फोटोतल्यासारखा. उद्या सहाला अंत्यदर्शन, परवा सकाळी चर्च.

दुपारी मी बाईंच्या डोक्याचा रुमाल सोडला.

काय लिहू? जटा. पांढऱ्याशुभ्र, करंगळीएवढ्या जाड, कंबरेपर्यंत. वीस वर्षांच्या तरी असतील. पांढऱ्या टोपीखाली गुंडाळून बसत होत्या त्या, दर रविवारी, माझ्यापासून तीन हातांवर. आणि किती निगुतीने राखलेल्या. मुळाशी नुकत्या वळलेल्या, आठवडाही झाला नसेल, भांग सुतासारखे, टाळू स्वच्छ. पुदिन्याचा वास येत होता. कुणीतरी जीव लावून करत होतं हे. कोण, कुणास ठाऊक. बाहेरगावची कुणी बाई ठेवली असेल.

मी स्टुलावर बसले. रडले, मग राग आला, मग पुन्हा रडले. मला वर्गासमोर उभं करणारी बाई ती हीच?

मग डोकं चालायला लागलं. बाईंनी हे इतकी वर्षं लपवलं, म्हणजे कुणाला दिसू नये हीच त्यांची इच्छा. म्हातारपणी माणसाला एखादं वेड लागतं. ते उद्या गावाला दिसलं तर नाक कुणाचं कापलं जाईल? बसलेल्या माणसाच्या टोपीखाली एवढे केस मावतात, पण निजलेल्याच्या विगखाली मावत नाहीत, मान पुढे येते. तेव्हा कापावे लागतील. बाईंची लाज मी राखीन. त्यांनी एकदा माझी राखली होती.

उद्या सकाळी.

८ जुलै, शुक्रवार
सकाळी मोजला नाही. आत्ता १४०/८८, कसा ते देव जाणे.

सगळं क्रमाने लिहिते.

नऊ वाजता सुरुवात केली. मागच्या बाजूने, मानेपासून. आमच्या धंद्याची सवय अशी की मेलेल्या माणसाचं काहीही फेकायचं नाही, नखसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक जट कापली की पांढऱ्या टॉवेलवर क्रमाने ठेवत गेले. वाळलेल्या देठासारखा आवाज येतो. अकरा कापल्या. बारावी हातात होती तेव्हा क्लिओफस दारावर आला.

"बॉस, भाचा विचारतोय गाणी कुठली म्हणायची. बाईंनी लिहून ठेवलं असेल ना आपल्याकडे?"

आमच्याकडे लोक जिवंतपणी येऊन सगळं ठरवून ठेवतात. पेटी कुठली, गाणी कुठली, कुणाला बोलायला द्यायचं आणि कुणाला मुळीच नाही. ते कागद लोखंडी कपाटात असतात आणि माणूस आला की मी सगळ्यात आधी ते काढते. तेहतीस वर्षं न चुकता. यावेळी काढले नव्हते. बाईंना काय हवं ते मला कागदावरून कळायची गरज नाही, असं मला वाटलं होतं.

"मीच आणते," म्हणाले.

कागद चार वर्षांपूर्वीचा, अक्षर डीड्राचं, खाली बाईंची सही. गाणी तीन. उपपास्टरांना बोलायला देऊ नये. आणि मग शेवटी, बाईंच्या स्वतःच्या हातचं:

माझे केस आहेत तसे ठेवावेत, पुढे छातीवर मोकळे. टोपी नको, विग नको. केस डीड्राने करावेत, तिला माझं डोकं ठाऊक आहे. व्हर्लीन हरकत घेईल. तिला सांगावं की ज्या मुलीला मी घरी पाठवलं तिला मी शंभर वेळा परत बोलावलं, पण मनातच. जिवंतपणी तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही तर निदान मेल्यावर तिने मला बघावं.

कपाटाला धरून मी किती वेळ उभी होते कळलं नाही. अकरा जटा टॉवेलवर आणि कात्री माझ्या एप्रनच्या खिशात.

विग घालून झाकता आलं असतं. खरंच सांगते, तो विचार आला. कागद कुणी वाचला नव्हता. पण बारावी जट माझ्या मुठीत होती ती मला अजून जाणवत होती.

क्लिओफसला म्हणाले, "गाडी काढ." "कुठली?" म्हणाला. "कुठलीही." त्याने शववाहिका काढली. डीड्राच्या दारात ती लांब काळी गाडी उभी राहिली तेव्हा शेजारच्या बायका पडवीत आल्या. डीड्रा जाळीच्या दाराआडून म्हणाली, "माझ्या घरी कुणी मेलेलं नाही."

"मी बाईंचे केस कापले," मी म्हणाले.

जाळीचं दार उघडलं. तिचा चेहरा मला पुन्हा बघायचा नाही.

"किती?"

"अकरा."

"कुठे आहेत?"

"टॉवेलवर. क्रमाने."

ती आत गेली. परत आली तेव्हा हातात हिरवी बाटली आणि क्रोशाची बारीक सुई. पायरीवरून उतरताना म्हणाली, "मी बाईंसाठी येतेय. तुमच्यासाठी नाही. गाडीत माझ्याशी बोलू नका."

मी दाराकडे सरकून बसले.

साडेदहाला ती कामाला लागली. कापलेल्या जटेचं टोक आणि मुळाशी उरलेला बुंधा एकमेकांत घालायचा आणि सुईने केसातून केस ओढत विणायचं, आत, बाहेर, आत, बाहेर. एकेका जटेला वीस-पंचवीस मिनिटं. मी टोक धरून उभी. मला फक्त "घट्ट धरा" आणि "सैल सोडा" एवढंच सांगत होती. चौथ्या जटेला मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागले.

"बसा," म्हणाली. "बसून धरा."

सातव्या जटेला मी विचारलं, "तू गुरुवारी बाईंकडे जायचीस?"

"अकरा वर्षं. अडीच वाजता. आधी त्यांची एक मैत्रीण करायची, ती वारली." तिने सुई ओढली. "तीस तारखेला बाई म्हणाल्या, व्हर्लीनला मी सांगते, तू धीर धर. आधी माझे केस धुऊन दे, मग फोन लावू. धुता धुता झोपल्या त्या. मी उठवलं नाही."

तीस तारखेला मी इथे पाकीट घेऊन वाट बघत बसले होते.

तीन वाजता शेवटची जट झाली. जोड मलासुद्धा सापडेना. डीड्राने तेल लावलं, सगळ्या पुढे घेऊन छातीवर सोडल्या. मग हात धुतले आणि म्हणाली, "आता बघा त्यांना. त्यांनी तेच लिहिलंय ना?"

मी बघितलं.

सहाला दारं उघडली. लेमार आत्याच्या पेटीशी गेला आणि उभाच राहिला. मी कागद त्याच्या हातात दिला. चर्चच्या बायका रांगेने आल्या, पहिलीचा हात तोंडावर गेला. कुजबुज झाली. मग चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, नव्वदीच्या मदर पर्ल काठी टेकत पुढे झाल्या, एक जट उचलून बोटांत धरली आणि म्हणाल्या, "लबाड कुठली. मला सुद्धा सांगितलं नाही." कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच रडायला लागल्या.

डीड्रा मागच्या दाराने गेली होती.

९ जुलै, शनिवार
१४४/९०

बाईंना माती दिली. उपपास्टरांना बोलू दिलं नाही, ते रागावले. संध्याकाळी क्लिओफस म्हणाला, "पाटी उतरवू का?" मी म्हणाले, राहू दे. मग मीच स्टुलावर चढून उतरवली. मागची भिंत चांगलीच पिवळट निघाली.

१९ जुलै, मंगळवार
१५८/९६

राज्याच्या कामगार खात्याचं पत्र. डीड्राने तक्रार केली आहे, पाच तारखेलाच, बाई गेल्या त्या दिवशी. खरं तर मला वाटलं होतं त्या शुक्रवारनंतर ती काही करणार नाही. मग लक्षात आलं, का नाही करणार?

पत्रात एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याचं कोणत्या दिवशी कळवलं?

वकील खुशीत. "पत्रावर तीस जून आहे. सही तुमची. तीस जून लिहा, प्रकरण मिटलं. ती एक तारीख म्हणेल, पण तिच्याकडे पुरावा काय? खोलीत तुम्ही दोघीच."

"आणि एक लिहिलं तर?"

"तर दंड आहे, शिवाय नाव वर्तमानपत्रात. शंपर्टांचं. एकाहत्तर वर्षांचं नाव, मिस शंपर्ट. विचार करा."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. दिवसभर मी स्वतःला सांगत होते की मी खोटं कुठे बोलतेय, पत्र तीसलाच तर लिहिलं होतं.

२३ जुलै, शनिवार
१६०/९८

वही पहिल्यापासून वाचली. एक जुलैचं पान दोनदा वाचलं. "दिलं. सकाळी आठ वाजता." रक्तदाबासकट.

पुरावा नाही कसा?

पण त्याच पानावर खाली विगबद्दल लिहिलंय, आणि नवऱ्याबद्दल. तेवढा भाग कापून पाठवला तर कापलेला कागद कोण मानणार? कापायचं म्हटलं की आता हातच चालत नाही. खात्यातला कुणी कारकून डबा खात खात वाचेल की व्हर्लीन शंपर्टच्या डोक्यावर तव्यासारखी कातडी आहे. माझ्या आईलासुद्धा हे माहीत नव्हतं.

मला भीती वाटते. दंडाची नाही.

२६ जुलै, मंगळवार
१४२/८८

सकाळी पानाची नक्कल काढली. पुढची बाजू आणि मागची, पूर्ण. उत्तरात लिहिलं, एक जुलै, सकाळी आठ. वकिलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. मी म्हणाले, माझा पाय, माझा धोंडा.

पाकीट टपालात टाकायच्या आधी डीड्राकडे गेले. यावेळी माझ्या गाडीने. "हे जाण्याआधी तू वाच," म्हणाले, "तुझ्याबद्दल आहे."

तिने पडवीत उभ्यानेच वाचलं. पहिली बाजू, मग मागची. मागच्या बाजूला तिला वेळ लागला. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"हे पाठवणार तुम्ही? सगळं?"

"पान एकच आहे."

तिने नक्कल घडी करून पाकिटात परत घातली. "मला माहीत होतं," म्हणाली. "तुम्ही वाकता तेव्हा मागची टाचणी दिसते. सहा वर्षं झाली. बाईंनाही माहीत होतं, त्यांनीच मला सांगितलं होतं तुम्हाला औषधाबद्दल कधी टोचून बोलू नकोस म्हणून."

शेवटी जे विचारायला आले होते ते विचारलं. "परत येशील का? पाटी उतरवलीय."

"नाही, मिस व्हर्लीन." अगदी मऊ आवाजात म्हणाली. "बाजाराच्या रस्त्यावरच्या पार्लरमध्ये खुर्ची घेतलीय मी. जिवंत माणसांची. तक्रारही मागे घेणार नाही. माझ्यानंतर येईल तिच्यासाठी ती राहू दे."

"राहू दे," मी म्हणाले. चौदा वर्षं शिकवलेली पोर माझ्या हाताने गेली, आणि खातं काय ठरवतं ते ठरवू दे, तिला परत आणण्याची ताकद कुठल्याच कागदात नाही. मी पायऱ्या उतरले. गाडीशी पोचले तेव्हा तिने हाक मारली.

"त्या टाळूला रोज थोडी हवा लागायला हवी. आणि कानामागचे केस अजून जिवंत असतील, तेवढे तरी वाचवता येतील. बाकीचे येणार नाहीत, खोटं सांगत नाही."

"बरं."

"माझ्याकडे एक वेळ रिकामी झालीय," डीड्रा म्हणाली. "गुरुवार, अडीच वाजता. येताना रुमाल बांधून या, ते घालून नको."